वासाचा हिवाळा

नोव्हेंबर सरत आला की अंबरनाथशेजारच्या चिखलोलीत एक सकाळ अशी उजाडते, की पंखा नकोसा होतो. आदल्या दिवशीपर्यंत तो गरगर फिरत असतो, आणि त्या पहाटे कुणीतरी डोळे न उघडता, अंथरुणातून हात लांब करून बटण चाचपतं. आमच्याकडे ते काम माझ्या नवऱ्याचं, मिलिंदचं. पंखा थांबला की घरात एक नवीच शांतता पसरते. त्या शांततेत लांबच्या मालगाडीचा आवाज येतो, समोरच्या बांधकामावरच्या बायकांनी पेटवलेल्या शेकोटीतली काटकी तडकल्याचं ऐकू येतं. माळ्यावरून स्वेटरची पिशवी उतरते. डांबरगोळ्यांचा वास घरभर होतो. लांब मलंगगडाचा डोंगर असतो त्या जागी काहीच नसतं, नुसता करडेपणा.

बाकीच्यांना थंडी हातापायांना कळते. मला ती नाकात कळते. गार हवा जड असते, ती वर चढायला तयार नसते. उन्हाळ्यात कारखान्यांतून जे काही निघतं ते चारी दिशांना वाटलं जातं, कुणाच्याच वाट्याला फारसं येत नाही. हिवाळ्यात ते निघालं तिथेच खाली बसतं आणि सकाळी माणसं उठेपर्यंत बसूनच राहतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातली गोष्ट आपल्या जिन्यात येऊन बसते म्हणजे काय, ते त्या एका हिवाळ्यात कळलं.

तोंडावरचे मास्क उतरून तेव्हा एखादं वर्ष झालं असेल. लोकांना पुन्हा वास यायला लागले होते.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात प्रोसेस बघत होते. छोटा म्हणजे एक शेड, एक ऑफिस, एक प्रयोगशाळा आणि मध्यभागी आमची टाकी, बिल्डिंगच्या गच्चीवर असते तेवढी. पण स्टीलची, चकचकीत, सतत कोमट. त्या टाकीत बॅक्टेरिया राहायचे. उल्हासनगरच्या बेकऱ्यांतून तुटकी बिस्किटं आणि शिळा पाव गोणी भरभरून यायचा. त्याचा गोड पाक करून आम्ही त्यांना खायला घालायचो, आणि ते आम्हाला ब्युटिरिक ॲसिड द्यायचे. एरवी हे ॲसिड पेट्रोलियमपासून बनतं, मोठ्या उष्णतेवर, मोठ्या दाबाखाली. आमच्याकडे ते माणसाच्या अंगात असते तेवढ्याच उबेत बनत होतं, शिळ्या पावापासून.

अडचण एकच होती. या जिवांनी बनवलेलं ॲसिड त्यांनाच मारतं. थोडं साठलं की ते सुस्त होतात, आणखी साठलं की मरतात. म्हणून टाकीच्या शेजारी मेम्ब्रेनची, म्हणजे गाळणपडद्यांची, नळकांडी लावली होती. आत शेवयांसारखे पांढरे, पोकळ दोरे, हजारोंनी. टाकीतलं पाणी त्यांच्यातून फिरायचं. बॅक्टेरिया आतल्या आत अडायचे आणि टाकीत परत जायचे, ॲसिड मात्र पाझरून बाहेर यायचं. दिवसरात्र चालणारं काम. पंप थांबला नाही, पाक थांबला नाही, हवेचा कण आत शिरला नाही, तर ते महिनोन् महिने जगत. सगळा गॅस शेवटी एका काचेच्या भांड्यातून बुडबुडत जायचा. त्या बुडबुड्यांच्या आवाजावरून मला दारातूनच कळायचं, आज मंडळी खुशीत आहेत की नाही.

आणि वास. कसा सांगू? खवट झालेलं लोणी. दिवसभर बुटात राहिलेला मोजा. बाळ खांद्यावर ओकलं आणि आपण तास दोन तास कपडे बदलले नाहीत, तर येतो तो. बाटलीचं झाकण नुसतं सैल झालं तरी माणूस दोन पावलं मागे सरायचा. हे ॲसिड विषारी वायूसारखं नसतं, पण आपलं नाक त्याच्या बाबतीत फार तिखट आहे. इतका सूक्ष्म अंश नाकाला कळतो, की आमची यंत्रं 'काही नाही' म्हणायची आणि शेडच्या दारातला कुत्रा उठून निघून जायचा.

कारखाना रोहराशेठचा. उल्हासनगरचा सिंधी माणूस, सत्तरीला टेकलेला, सफारीच्या खिशात कायम बडीशेप. आयुष्यभर त्यांनी केमिकलचा व्यापार केला होता. हा प्लांट घालायचं त्यांच्या डोक्यात कुठून आलं, हे मी त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "म्याडम, चालीस साल मैंने वो माल बेचा, जो हाथ पे गिरे तो चमडी निकल जाए. ये पहला माल है जो सिर्फ बदबू मारता है." आणि स्वतःच इतके हसले की खोकला लागला. तो खोकला त्यांना नेहमीचाच होता. त्याचं कारण ते कधी सांगत नसत, मीही विचारलं नाही.

त्या वासाची मला सवय झाली होती असं मी म्हणायची, पण ते खरं नाही. वासाची सवय होते म्हणजे तो आपल्याला येईनासा होतो, आणि तेच जास्त वाईट. आपल्याला कळतच नाही, आपण काय बरोबर घेऊन फिरतोय ते. मी कंपनीत अंघोळ करून निघायची. घरी आल्यावर पुन्हा अंघोळ. कंपनीचे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळ्या दोरीवर. केसांना लिंबू लावून लावून ते तारेसारखे झाले होते. एकदा मिलिंद म्हणाला, "अगं, साल निघेल आता. येत नाहीये वास." तो खोटं बोलत होता का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिले.

माझे बाबा असेच होते. तेही अंबरनाथलाच, एका रंगाच्या कारखान्यात. त्यांच्या टाचांच्या भेगांत कधी पिवळा, कधी निळा रंग भरलेला असायचा. कामावरून आले की मोरीत अर्धा तास. मग पांढरा इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि नुसते कोपऱ्यावर दूध आणायला जायचे. आई चिडायची, दूध आणायला कशाला इस्त्री? बाबा म्हणायचे, "आपल्याला चालत नाही तसं. लोक आधी नाक वापरतात, मग डोळे." आम्ही बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायचो. पलीकडच्या चाळीतली काही मुलं आमच्या गल्लीतून जाताना नाक धरायची. गल्ली स्वच्छ होती. आमच्या आया ती रोज सकाळी धुवायच्या. मुलं तरीही नाक धरायची. मी केमिकल इंजिनिअर झाले तेव्हा बाबांनी पेढे वाटले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऑफिसात बसायचं काम बघ हां, सुजाता."

ते मला जमलं नाही. मला टाकीजवळच आवडायचं.

चिखलोलीतला फ्लॅट आम्ही घेतला तेव्हा भोवती अजून गवत होतं. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला नव्या बिल्डिंगी, आणि दोन्हींमधलं अंतर दरवर्षी कमी होणारं. शेजारच्या फ्लॅटमध्ये अलका, तिचा नवरा आणि त्यांची मुलगी ओवी. अलका बदलापूरच्या एका पतपेढीत होती. आमच्या दोघींच्या गॅलऱ्या एकमेकींना लागून, मध्ये लोखंडी जाळी. त्या जाळीतून वाट्या जायच्या, कोथिंबीर जायची, ओवीचा गृहपाठ यायचा. ओवीला दमा होता. तिचा एक पंप अलकाच्या पर्समध्ये, एक शाळेच्या दप्तरात, आणि एक आमच्या फ्रीजवर.

त्या हिवाळ्यात थंडी लवकर पडली आणि टिकली. गार हवेत टाकीबाहेरच्या मेम्ब्रेनवर बुळबुळीत थर लवकर साचायचा. मग नळकांडं उघडून धुवायला लागायचं, आणि उघडलं की वास सुटायचा. आधी ते महिन्यातून एखाद्या वेळी करायचो, आता दर दोन-चार दिवसांनी. आम्ही धुण्याच्या जागेवर झाकण केलं, हवा ओढून घेणारा पंखा लावला, गॅस धुणारी टाकी एक होती तिथे दोन केल्या. वास कमी झाला. पण कमी झालेला वासही हवेत वर जाईना. तो ओढ्याच्या कडेकडेने, उतारावरून, सकाळच्या धुक्याबरोबर चिखलोलीकडे सरकायचा आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन थांबायचा. दूधवाला पिशव्या ठेवून नाकाला गमछा लावून पळायचा. दूध फाटलंय समजून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दोन वेळा चांगलं दूध ओतून दिलं.

मी कुठे काम करते ते सगळ्यांना माहीत होतं. लपवण्याचा प्रश्नच नव्हता. सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्येच भरली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, आणि सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तुम्ही आपल्याच आहात. तुम्हीच समजावून सांगा."

मी तयारी करून गेले होते. बॅक्टेरिया, शिळा पाव, पेट्रोलियमशिवाय होणारं काम, सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. मग पर्समधून एक छोटी बाटली काढली. आमच्या ॲसिडात अल्कोहोल मिसळून प्रक्रिया केली की त्याचा सुगंध होतो, हे दाखवायला. कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून मी तो फिरवला. ओवी पुढेच बसली होती. तिने वास घेतला आणि ओरडली, "पायनॅपल केक!"

सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मग ताई, सकाळी हाच सोडत जा ना!" अजून मोठा हशा झाला. मीही हसले. तेवढा एक क्षण मला वाटलं, निभावलं.

मग पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "ते ठीक आहे. याने त्रास होत नाही हे तुम्ही लिहून द्याल?"

"ज्या प्रमाणात तो इथे येतो, त्या प्रमाणात त्रास व्हायला नको," मी म्हटलं.

"प्रमाण कोण मोजतं?"

"आम्हीच मोजतो."

त्यांनी वळून मागच्या रांगांकडे पाहिलं. मी खुर्चीवर बसले. बाटलीला झाकण लावायचं राहिलं होतं, ते लावलं.

दुसऱ्या दिवशी अलका आली. जाळीतून नाही, दारातून. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मी चहा टाकला.

"तक्रारीवर सगळ्यांच्या सह्या घेतायत," ती म्हणाली. "मी पण करणारे. तुला आधी सांगायला आले."

"कर."

"राग आला?"

"नाही गं."

"ओवीला तो वास आला ना, की ती आधीच घाबरते. घाबरली की छाती भरून येते. मग ती वासाने की भीतीने, मला काय कळणार? तुला कळतं का?"

मला कळत नव्हतं. त्या वासाने दमा उसळत नाही असं मी शपथेवर सांगू शकत नव्हते. उसळतो असंही सांगू शकत नव्हते. इतकं शिकून, इतकी वर्षं त्या टाकीपाशी काढून, माझ्या ओट्याला टेकलेल्या बाईला देण्यासारखं एक वाक्यही माझ्याकडे नव्हतं.

"तू माझ्या जागी असतीस तर?" तिने विचारलं.

"मी पण केली असती सही."

तिने चहा घेतला. कप धुऊन ठेवला. जाताना म्हणाली, "तुझी नोकरी जायला नको गं पण." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हा दोघींचं एकमेकींशी काहीच भांडण नव्हतं. ते असतं तर सोपं गेलं असतं.

तक्रारीवरून प्रदूषण मंडळाची माणसं पाहणीला आली. त्यांनी नमुने घेतले, नाकाला रुमाल लावून फोटो काढले. आजूबाजूचे मोठे कारखाने उंच भिंतींमागे होते, त्यांच्या धुराड्यांतून जे निघत होतं त्याला वास होता की नव्हता हे कुणी सांगू शकत नव्हतं. आमचा वास मात्र त्यांना गेटपासूनच हाताला धरून आत घेऊन यायचा. आदेश आला. पुढचा निर्णय होईपर्यंत उत्पादन बंद, वीज आणि पाणी तोडायचं, जनरेटरला सील.

शेठनी सुनावणी मागितली. ती पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. एका दुपारी वायरमन आले. चांगली माणसं होती बिचारी. एकाने मला विचारलं, "मॅडम, मशीन बंद करायचं असेल तर करून घ्या, थांबतो आम्ही." मी म्हटलं, "हे मशीन बंद करता येत नाही. ते जिवंत आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे. मग त्याने त्याचं काम केलं.

पंपांचा आवाज गेला. शेडमध्ये मी असा सन्नाटा कधी ऐकला नव्हता. काचेच्या भांड्यात बुडबुडे अजून येत होते, कारण त्यांना वीज लागत नाही. आमचा ऑपरेटर दिलीप टाकीला हात लावून म्हणाला, "कोमट आहे अजून." पण ऊन उतरायला लागलं होतं आणि पत्र्याच्या शेडला थंडी लवकर भरते.

तेवढ्यात रोहराशेठची गाडी आली. ड्रायव्हरच्या हातात गाठोडं, शेठच्या काखेत दुसरं. त्यांनी ते जमिनीवर सोडलं. आत रल्ल्या होत्या. सिंध्यांच्या घरात असतात त्या गोधड्या, लाल-पिवळ्या-हिरव्या तुकड्यांच्या, बारीक टाके घातलेल्या. काही इतक्या जुन्या की रंग दुधासारखे झालेले. "घरवालीने दिया," शेठ म्हणाले. "एक तो मेरी माँ की है. लपेटो."

आम्ही टाकी गुंडाळली. दिलीप शिडीवर, मी खाली, शेठ दोरी धरून. पोत्यांच्या सुतळीने रल्ल्या घट्ट बांधल्या. बाहेर विटांची चूल मांडून दिलीपने पातेल्यात पाणी तापवलं आणि आम्ही ते बादल्यांनी टाकीच्या बाहेरच्या कवचात ओतत राहिलो. स्टीलची ती टाकी रंगीत कपड्यांत एखाद्या म्हाताऱ्या आजारी बाईसारखी दिसत होती. शेठ तिच्यावरून हात फिरवत होते. "ठीक हो जाएगा ना, बेटा?" त्यांनी मला विचारलं. एरवी ते मला म्याडम म्हणायचे.

थंडी हा खरा प्रश्न नव्हताच. पंप बंद म्हणजे मेम्ब्रेनमधून पाणी फिरणं बंद, म्हणजे ॲसिड बाहेर पडणं बंद. उबेत असेपर्यंत आतले जीव आपलं काम करतच राहणार होते, आणि जे बनवतील त्यातच बुडणार होते. आम्ही जितकं ऊबदार ठेवू तितकं ते लवकर. हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. पण शेठच्या आईची रल्ली बांधून झाली होती. दिलीप धुराने डोळे चोळत पाणी तापवत होता. मी काय सांगणार होते? मी पुढची बादली उचलली.

अंधार पडायच्या आत बुडबुडे विरळ झाले. एक यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग एक. आम्ही तिघं त्या भांड्यासमोर बाकावर बसलो होतो. शेठनी खिशातली बडीशेप काढून आम्हाला दिली, आणि आम्ही ती चावत राहिलो. एका बुडबुड्यानंतर पुढचा आलाच नाही. आम्ही तरीही बसून होतो. शेवटी दिलीप उठला आणि चुलीवर पाणी मारलं.

तशी त्या बॅक्टेरियांची जात पुन्हा विकत मिळते. प्रयोगशाळेतून नळी मागवता येते. पण त्या टाकीतल्या पिढ्या आमच्या पावावर, आमच्या पाण्यावर, आमच्या चुकांवर वाढल्या होत्या. त्यांना इथलं जगणं जमलं होतं. मी हे मिलिंदला सांगायचा प्रयत्न केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जेवून घे." दुसरं तो काय म्हणणार!

सोसायटीतला वास गेला. लोक सकाळी खिडक्या उघडायला लागले. मी घरी होते. महिन्याभराने एकदा भाजी घेऊन लिफ्टमध्ये शिरले, तर आत चौथ्या मजल्यावरच्या एक बाई होत्या. त्यांनी पदर उचलून नाकाला लावला. माझ्याकडे पाहून हसल्याही, ओळखीचं. मी कित्येक दिवसांत कंपनीचं तोंडही पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाला साबणाशिवाय कसलाही वास नव्हता. सवय असेल त्यांची. सर्दी असेल. बाबांच्या गल्लीतून नाक धरून जाणारी मुलं मला त्या लिफ्टमध्ये का आठवावीत? मला नक्की काहीच माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. असलं काही विचारलं तर विचारणाराच वाईट ठरतो. मी माझ्या मजल्यावर उतरले. पिशवीतली मेथी हातात चुरगळली गेली होती.

आणि मग जानेवारीतली ती पहाट. उजाडत होतं. बेल वाजत राहिली. दारात अलका, गाऊनवर शाल, मागे तिच्या नवऱ्याच्या हातात ओवी. "तुमच्याकडचा पंप दे, तिच्या दोन्हींनी काही होत नाहीये." दार उघडताच मलाही ते जाणवलं. आमचा तो खवट, घरगुती वास नव्हता तो. वास असा नव्हताच जवळजवळ. डोळ्यांत काहीतरी टोचत होतं, घशात धातूची चव येत होती. जिन्यातला दिवा एका धुरकट कड्यात लटकल्यासारखा दिसत होता.

मिलिंदने गाडी काढली. बदलापूरपर्यंत अलका ओवीला मांडीवर घेऊन मोठ्याने श्वास घेत राहिली, जणू तिचा श्वास बघून पोरीलाही घेता येईल. मी त्या पोरीचे गार पाय हातांत धरून बसले होते. रस्त्यावर कडेकडेने माणसं उभी होती, नाकातोंडावर रुमाल, टॉवेल, हाताला लागेल ते. सगळे एमआयडीसीच्या दिशेने बघत होते, आणि तिकडे धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

इस्पितळात ओवीसारखी आणखी मुलं होती. डॉक्टरनी तिला ऑक्सिजन लावला आणि विचारलं, "कसला गॅस होता, कुणाला काही कल्पना?" अलकाने माझ्याकडे पाहिलं. "हिला विचारा. ही केमिकल इंजिनिअर आहे."

"माहीत नाही," मी म्हटलं. क्लोरीन असू शकेल, आणखी पाच गोष्टी असू शकतील. अंदाजाने मुलीला औषध देता येत नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारपर्यंत ओवी सावरली. बिस्किट मागून खाल्लं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. अलका म्हणाली, "तुझ्या कंपनीचा वास यायचा ना, तेव्हा निदान मला माहीत होतं, कुणाकडे भांडायला जायचं."

मी तिचा हात धरला. तिने तो तसाच राहू दिला.

तो गॅस कुणी सोडला ते कधीच कळलं नाही. तक्रार झाली. नाव कुणाचं लिहायचं, हाच प्रश्न होता. पाहणीला माणसं आली तोवर दुपारचं ऊन पडलं होतं आणि हवा धुऊन काढल्यासारखी लख्ख होती. रोहराशेठ त्या पावसाळ्यात गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "पापा आपको याद करते थे." त्यापुढे मला ऐकवलं नाही. त्या शेडमध्ये आता घरपोच सामानाच्या कंपनीचं गोदाम आहे. मी तळोज्याला एका प्रयोगशाळेत लागले. एसी ऑफिस, काचेची भिंत. बाबा असते तर पेढे वाटले असते.

आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थंडीतल्या सकाळी मेसेज सुरू होतात. 'कुणाला वास येतोय का?' 'डोळे चुरचुरतायत.' 'सुजाताताई, प्लीज सांगा ना, कसला आहे?' ज्यांनी सह्या केल्या तेच विचारतात, आणि मनापासून विचारतात. चौथ्या मजल्यावरच्या बाईही विचारतात. मी गॅलरीत जाते. तोंडावरचा स्कार्फ खाली ओढते आणि मुद्दाम, पोटापर्यंत, श्वास घेते. कधी दिवाबत्तीच्या तेलासारखं काही असतं, कधी जळक्या रबरासारखं, पुष्कळदा नुसतीच एक टोच. मी नाव शोधत राहते.

परवा असाच श्वास घेत उभी होते, तर जाळीपलीकडे ओवी आली. दहावीला आहे यंदा, उंचीने माझ्याएवढी झालीय. नाकावर ओढणी, हातात पुस्तक.

"मावशी, काय आहे आज?"

"कळत नाही गं."

"मग आत जा ना. तू कशाला घेतेस तो श्वास?"

तिच्या मागे दाराचा पडदा हलत होता, आतून अलकाचा आवाज आला, खिडकी लाव म्हणून. "तू जा आत," मी ओवीला म्हटलं, "दार घट्ट लाव." ती गेली. कडी लागल्याचा आवाज झाला. मी पुन्हा एकदा श्वास घेतला, आधीपेक्षा सावकाश. काही कळलं नाही. मग ग्रुपवर लिहिलं, 'माहीत नाही. मुलांना घरात ठेवा,' आणि ऊन येईपर्यंत तिथेच थांबले.